नख अडकतं का

कुस्तावीत एप्रिल अर्धा सरला
तरी यार्डातल्या ताडपत्र्या सकाळी कुरकुरतात.
ओरव्होक्कीची बोट लाकडी घोड्यांवर उभी,
पाण्याबाहेर काढलेली बोट दिसते तशी,
जरा जास्तच मोठी
आणि ओशाळलेली.

"शनिवारी रौमाहून माणूस येतोय बघायला,"
ती म्हणाली. "चरे तेवढे घालव."

आधी डोळ्यांनी बघायचं नाही. नख फिरवायचं.
अंगठ्याचं, चऱ्याला आडवं.
सरकलं, तर तो वरवरचा रुसवा,
पॉलिशने जातो.
अडकलं, तर मात्र आधी उकरायचा, मग भरायचा.
हे मला आर्नोने शिकवलं,
ओरव्होक्कीच्या नवऱ्याने, याच बोटीवर.

डाव्या अंगाला सतरा मोजले.
बरेचसे धक्क्याचे, फेंडर बांधायचं राहून गेलेल्या संध्याकाळचे,
चार बारीक, ओळीने, कुत्र्याचे,
दोन नांगराच्या साखळीचे.
सतरावा मागच्या बाजूला, 'टीरा' या नावाच्या खाली,
हातभर लांब.
तिथे नख अडकलं.
अडकणार, हे मला माहीत होतं.

रंगाचं असं आहे:
कारखान्याचा क्रमांक सांगितला की मूळ निळा मिळतो.
तो चालत नाही.
इतके उन्हाळे अंगावर काढून
बोट आता त्या निळ्याची राहिलेली नाही.
म्हणून त्यात थोडा पांढरा, मोहरीएवढा पिवळा,
काळ्यात बुडवलेल्या काडीचं नुसतं टोक.
ढवळायचं, बोटीवर ठिपका द्यायचा, पुसायचा,
पुन्हा.
सातव्या वेळी ठिपका दिला
आणि मलाच तो सापडेना.

मग हार्डनर, थेंब मोजून.
कमी पडला तर लगदा तसाच राहतो,
जास्त झाला तर पुढे तडकतो.
आणि हवा लागता कामा नये.
हवा लागली की वरचा थर सुकतच नाही, बोटाला चिकटत राहतो.
वरून प्लास्टिक दाबून बसवायचं.
झाकलं की घट्ट होतं.

मी बारा वर्षं झाकून ठेवलं होतं.

चौदाचा होतो. काकाची ॲल्युमिनियमची होडी,
न विचारता घेतलेली.
जुलैची रात्र, लपायला अंधार म्हणून नाही.
धक्क्याकडे वळताना इंजिन बंद करायला उशीर झाला.
पत्र्याचा डबा फरशीवरून ओढावा
तसा आवाज, हातभर लांब.

सकाळी आर्नो गुडघ्यावर बसून
चऱ्यावरून नख फिरवत होता.
आमच्या होडीच्या टोकाला निळं लागलेलं होतं,
आणि ती तिथेच बांधलेली होती, त्याच्या समोर.
तो उठला, टोपी नीट केली,
म्हणाला, "काल रात्री वारा बराच होता वाटतं."

वारा नव्हता.
पाणी इतकं थांबलेलं होतं
की माझी लाट पलीकडच्या बेटाला लागून परत आली होती.

त्याच आठवड्यात त्याने मला हाक मारली,
हातात सहाशे नंबरचा कागद दिला,
बादलीत भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला.
सोळा चरे घासायला लावले त्या उन्हाळ्यात.
या एकाला हात लावू दिला नाही.
दुसऱ्या वर्षीही नाही.
नंतर मी विचारणं सोडलं, नंतर तो गेला.

प्लास्टिक सोलून काढलं. घट्ट झालं होतं.
सहाशे, हजार, दोन हजार,
पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळत.
मग पॉलिश, गोल गोल,
मग कोरड्या फडक्याने, तोंड दिसेपर्यंत.

ओरव्होक्की कॉफी घेऊन आली.
ऊन आडवं झालं होतं. आडव्या उन्हात काही लपत नाही.
तिने हातमोजा काढला,
अंगठ्याचं नख टेकवलं, सरळ नेलं,
परत आणलं.

"इथेच होता ना?"
"इथेच."

"आर्नो म्हणायचा, त्या रात्री वारा होता."

मी कप बोटीखालच्या फळीवर ठेवला.
"नव्हता," म्हणालो.

तिने मान हलवली,
मी उद्याचं हवामान सांगितल्यासारखी.
हातमोजा पुन्हा चढवला, बोटं एकेक करून.

"उजवी बाजू," ती म्हणाली, "उद्या लवकर सुरू कर.
तिकडे ऊन उशिरा पोचतं."